पंचवीस वर्षांची हमी

खानापुरात आमची लाकडाची वखार होती. वडिलांनी सुरू केली, मी चाळीस वर्षे चालवली आणि पुढे बघणारे कुणी उरले नाही म्हणून २०१९ साली बंद केली. दांडेलीच्या डेपोत लिलावाला जायचे, ओंडका ठोकून आवाज ऐकायचा, सालीवरून वय ओळखायचे, यातच आयुष्य गेले. सागवान, मत्ती, किंदळ, जांभा, फणस ही नावे आमच्या घरात पाहुण्यांच्या नावांसारखी घेतली जात. अजूनही कुणाच्या घरी गेलो तर माझी नजर आधी चौकटीवर आणि कडीपाटावर जाते, मग माणसांवर. सौ. यावरून मला अनेकदा बोलते.

अशा माणसाने प्लॅस्टिक मिसळलेल्या फळ्यांचे बांधकाम करायला मदत केली, हे खानापुरातल्या जुन्या मंडळींना सांगितले तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांतली मुले आता थंड मुलखात आहेत. तिथे घर घेताना काय बघावे, हेही त्यातून कुणाच्या कामाला येईल.

माझा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. मिनियापोलिस शहराच्या वायव्येला मेपल ग्रोव्ह नावाचे उपनगर आहे, तिथे त्याने १९९८ सालचे घर घेतले आहे. आम्ही दोघे २०२२ च्या मे महिन्यात त्याच्याकडे गेलो. तिथल्या बहुतेक घरांना मागच्या बाजूला डेक असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर परड्याकडचा सोपा, फक्त वर छप्पर नाही आणि खाली जमीन नाही. लाकडी खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि भोवती कठडा. मुलाचे घर उतारावर असल्यामुळे त्याचा डेक जमिनीपासून चांगला आठ फूट उंच होता. वर्षातले सात महिने दारे-खिडक्या बंद करून बसणाऱ्या लोकांना उरलेल्या पाच महिन्यांचे मोल किती असते, ते तिथे गेल्यावर कळते. मे उजाडला की सगळे गाव डेकवर राहायला येते.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीने मी त्या डेकखाली गेलो. तो घराबरोबरच बांधलेला, म्हणजे चोवीस वर्षांचा. वरून रंग दिलेला, दिसायला ठीक. पण घराच्या भिंतीला जी लांब पट्टी बसवलेली असते आणि जिच्यावर सगळ्या कड्यांची एक बाजू टेकते, तिच्या वरच्या कडेला काळपट रेघ होती. मी स्क्रू-ड्रायव्हर मागवला आणि टेकवून दाबला. मुठीपर्यंत आत गेला. भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये पाणी अडवणारा पत्रा घातलेलाच नव्हता. चोवीस वर्षे पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्या फटीत शिरत होते, हिवाळ्यात गोठून फट रुंदावत होते, उन्हाळ्यात बुरशीला ओल पुरवत होते. आणि पट्टी भिंतीला बोल्टने आवळलेली नव्हती, नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली होती. एका ठिकाणी ती भिंतीपासून अर्धा इंच सुटली होती.

मुलाला खाली बोलावून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, गेल्या वर्षी गणपतीला वीस माणसं जेवायला बसली होती इथं. पोरंसोरं वेगळी."

त्या दिवशी डेकच्या दाराला कुलूप घातले आणि किल्ली सूनबाईने स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली, कारण चार वर्षांच्या नातवाला ते दार उघडता येत होते.

कंत्राटदारांना फोन झाले. कोरोनानंतर सगळ्यांच्या हाताशी कामे तुंबलेली, ऑक्टोबरच्या आधी कुणी यायला तयार नाही. २०२१ साली लाकडाचे भाव भडकले म्हणून ज्यांनी कामे पुढे ढकलली होती, तेही सगळे त्याच वर्षी निघालेले. गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. मुलाने ठरवले की आपणच करायचे. तिथे घरमालकाला स्वतः काम करता येते, फक्त नगरपालिकेचा परवाना काढावा लागतो, आराखडा द्यावा लागतो आणि टप्प्याटप्प्याला त्यांचा तपासनीस येऊन पाहून जातो. मुलगा संगणकातला. लहानपणी वखारीत आला की भुशाने शिंका येतात म्हणून पळून जायचा. मी मनात म्हटले, बघू या.

पहिले दोन आठवडे जुने उतरवण्यात गेले. मग पायाचे खड्डे. इथेच मला पहिला नवा धडा मिळाला. आपल्याकडे पाया घ्यायचा म्हणजे घट्ट मुरूम लागेपर्यंत खणायचे. मेपल ग्रोव्हमध्ये जमीन किती घट्ट आहे याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, हिवाळ्यात ती किती खोलवर गोठते. त्या भागात नियमाने पाया किमान ४२ इंच खोल न्यावा लागतो. राज्याच्या उत्तर भागात तर ६० इंच, म्हणजे पाच फूट.

याचे कारण मला शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी समजावले. त्यांचे पूर्वज नॉर्वेतून आलेले, स्वतः आयुष्यभर सुतारकाम केलेले. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, हे आपण शाळेत शिकतो. पण जमिनीत तेवढ्यावर भागत नाही. वरून थंडी खाली सरकत जाते तशी ती खालच्या ओल्या मातीतले पाणी वर ओढून घेते आणि मातीच्या थरांत बर्फाच्या चकत्या तयार होतात. त्या जाड होत जातात आणि वर जे काही असेल ते उचलतात. घर, खांब, रस्ता, काहीही. चिकणमाती आणि बारीक गाळाची माती असेल तर हा प्रकार जास्त. वसंतात बर्फ वितळला की उचललेला खांब खाली बसतो, पण पहिल्या जागी बसेलच असे नाही. दर वर्षी थोडे थोडे होत डेक वाकडा होतो. त्यांच्या गल्लीतल्या एका घराचा डेक असा उचलला गेला की मागचे दार उघडेना. वाळवी आणि मृगाचा पाऊस हे लाकडाचे शत्रू मला माहीत होते. जमीनच घर उचलते, हा शत्रू मात्र नवा होता.

खड्डे सहा घ्यायचे होते, चार तुळईच्या खांबांना आणि दोन जिन्याला. खणण्याआधी ८११ क्रमांकावर कळवावे लागते. मग माणसे येऊन वीज, गॅस, पाणी यांच्या वाहिन्या जमिनीवर रंगाने आखून देतात, आणि तेही फुकट. आपल्या गावातल्या रस्त्यांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. खणायला दोन माणसांनी धरायचे यंत्र भाड्याने आणले. त्या मुलखात हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे चिकणमातीत जागोजागी रुतलेले आहेत. गोटा लागला की यंत्र दोघांनाही फिरवून टाकायचे. मग मी पहारीने गोटा सैल करायचा आणि मुलाने पालथे पडून हाताने काढायचा. सहा खड्ड्यांना तीन दिवस लागले. आम्ही ४८ इंच गेलो. नियमापेक्षा सहा इंच जास्त का, असे मुलाने विचारले. मी म्हटले, "नियम किमान सांगतो. घर आपलं आहे."

तपासनीस यायच्या आदल्या रात्री नेमका पाऊस झाला आणि खड्ड्यांत वीतभर पाणी. पहाटे पाचला बाप-लेक बादलीने उपसत बसलो. सौ. ने चहा तिथेच आणून दिला. तपासनीस बाई वेळेवर आल्या, प्रत्येक खड्ड्यात टेप सोडली, तळ घट्ट आहे का ते सळईने पाहिले आणि सही करून गेल्या. त्यांची सही होईपर्यंत काँक्रीट ओतायचे नाही. एकदा ओतले की खाली काय आहे ते कुणाला दिसणार, असा साधा हिशेब. मग पुठ्ठ्याच्या जाड नळ्या खड्ड्यात उभ्या करून त्यांत काँक्रीट भरले, खड्ड्याला पाच-सहा पोती. नळीमुळे खांब गुळगुळीत राहतो आणि गोठलेल्या मातीला त्याला धरून उचलायला पकड मिळत नाही.

सांगाड्याला मात्र लाकूडच लागते, हे ऐकून मला बरे वाटले. कंपोझिट फळी वरून चालायला असते, भार वाहायला नसते. खांब, तुळई, कड्या सगळे औषध मुरवलेल्या पाइनचे. २००३ च्या अखेरीपर्यंत तिथे घरगुती लाकडाला आर्सेनिकयुक्त औषध वापरत, ते त्यानंतर बंद झाले. आता तांब्याची द्रव्ये वापरतात. त्यात एक मेख आहे. तांबे साध्या खिळ्या-बोल्टांना खाते, म्हणून गरम जस्तात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्यावे लागतात. भिंतीची नवी पट्टी आम्ही अर्ध्या इंची स्क्रू-बोल्टांनी घराच्या सांगाड्याला आवळली आणि तिच्यावर, भिंतीच्या आवरणाखालून, पाणी बाहेर टाकणारा वाकवलेला पत्रा घातला. पत्र्याच्या कामाला पूर्ण दिवस गेला. त्या पत्र्यापायीच जुना डेक कुजला होता, त्यामुळे घाई करायची नाही असे दोघांच्याही मनात होते. कड्या सोळा-सोळा इंचांवर घेतल्या. कंपोझिट फळी लाकडापेक्षा लवचीक असते, अंतर वाढले तर उन्हात झोळ येतो. प्रत्येक कडीच्या माथ्यावर चिकट पट्टी लावली, म्हणजे स्क्रूच्या भोकातून पाणी आत मुरत नाही.

या कामात मला गंमत वाटली ती हत्यारांची. मुलाकडे लेसरची पाणसळ होती. लाल रेघ भिंतीवर उमटते. मी दोरीला वजन बांधून ओळंबा केला आणि प्रत्येक खांब त्यानेही तपासला. दोन्ही जुळले की मुलगा हसायचा. शेजारचे गृहस्थ कुंपणापलीकडून अंगठा दाखवायचे. त्यांना माझे इंग्रजी अर्धेच कळे आणि मला त्यांचे, पण गुण्या कसा धरायचा यावर आमचे एकमत होते.

जुलैच्या मध्यात फळ्या आल्या. कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक साधारण निम्मे-निम्मे वितळवून दाबलेले. अमेरिकेत हा माल १९९० च्या दशकात बाजारात आला. यातली मोठी ट्रेक्स कंपनी १९९६ साली उभी राहिली. वापरलेल्या पिशव्यांचे प्लॅस्टिक आणि कारखान्यांतला भुसा हा तिचा कच्चा माल. पहिल्या पिढीतल्या फळ्यांना डाग पडत, बुरशी धरे. नंतर फळीला बाहेरून पूर्ण प्लॅस्टिकचे कवच द्यायला लागले आणि पाणी आत जायचे थांबले. मी एक फळी हातात घेतली. जड होती, सरळ होती, एकही गाठ नव्हती. कापली तर सुबक कापली गेली. पण वास नाही. सागवान कापताना जो वास सुटतो त्याच्यावर आमच्या घरातली तीन पिढ्यांची जेवणे शिजली आहेत. या फळीचा भुसा हातात घेतला तर रव्यासारखा, आणि वास कशाचाच नाही. मी तो तसाच टाकून दिला.

तरी त्या हवेत हीच फळी योग्य, हे मला पटले. ३० जानेवारी २०१९ रोजी मिनियापोलिसला पारा उणे ३३ अंश सेल्सिअसवर गेला होता, आणि जुलैत तिथे आपल्यासारखे ३५ अंशही होतात. लाकडी फळीत ओल शिरते, गोठते, चिरा पडतात, त्या चिरांत पुढच्या वर्षी आणखी पाणी जाते. दर दोन-तीन वर्षांनी घासून तेल किंवा रंग द्यावा लागतो. तेवढी उस्तवार करायला तिथे वेळ आहे कुणाला? कंपोझिटला साबणाचे पाणी पुरते.

पण तिची एक खोड आहे, आणि लाकूडवाल्याला ती उलटी वाटते. लाकूड पाण्याने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. ही फळी उष्णतेने लांबीत वाढते आणि थंडीत आखडते. सोळा फुटी फळी कडाक्याच्या थंडीतून भर उन्हाळ्यात येईपर्यंत पाव इंचाहून जास्त बदलते. म्हणून फळीच्या टोकाला किती फट ठेवायची याचा तक्ता कंपनी देते आणि बसवताना त्या वेळचे तापमान बघावे लागते. थंडीत बसवली तर फट जास्त, उन्हात बसवली तर कमी. मुलाने फळीवर थर्मामीटर ठेवून प्रत्येक फट मोजली. शेजारच्या फळीशीही फट ठेवायची असते, ती लपवलेल्या क्लिपांमुळे आपोआप सारखी येते आणि वितळलेले पाणी खाली पडून जाते.

रंगाच्या निवडीत सौ. चे म्हणणे चालले. मुलाला गडद तपकिरी हवा होता. तिने दुकानात दोन नमुने उन्हात ठेवायला लावले आणि तळहात टेकवून पाहिला. गडद रंगाचा तवा झाला होता. "मी सांडगे घालणार आहे, अनवाणी फिरणार आहे," एवढे बोलून तिने फिकट राखाडी उचलला.

कठड्याचा नियम मला फार आवडला. उंची किमान ३६ इंच आणि दोन गजांमधून चार इंचांचा गोळा जाता कामा नये. चारच का, तर लहान मुलाचे डोके त्यातून जाऊ नये. शेवटच्या तपासणीला बाईंनी खरोखरच पिशवीतून चार इंचांचा चेंडू काढला आणि गजागजाला लावून पाहिला. नातू त्यांच्यामागून चालत होता. प्रत्येक वेळी चेंडू अडकला की टाळी वाजवायचा. मी वखारीत हजारो घन फूट लाकूड विकले, पण कठड्याचे माप पोराच्या डोक्यावरून घ्यावे हे मला कुणी सांगितले नव्हते. बाई सही करून गेल्या आणि किल्ली वरच्या फळीवरून खाली आली.

ती संध्याकाळ आम्ही दोघेच डेकवर बसलो होतो. मुलाने कंपनीचे कागद आणले आणि हमीपत्र वाचून दाखवले. पंचवीस वर्षे. मी मनात बेरीज केली. माझे वय तेव्हा सदुसष्ट.

आमच्या खानापूरच्या घराच्या मागे शेडमध्ये सहा सागवानी तुळया आहेत. मुलगा कॉलेजात असताना एका लिलावात उत्तम माल मिळाला होता, तो विकला नाही. परत आला की त्याच्या घराला लागतील, म्हणून ठेवला. वीस वर्षांत त्यांना एक चीर गेलेली नाही. गिऱ्हाइके विचारून गेली, मी नाही म्हणालो. मुलाला हे ठाऊक होते, पण त्यावर आमचे बोलणे कधी झाले नव्हते.

मी म्हटले, "पंचवीस वर्षं म्हणजे तू आता इथलाच की रे."

तो कागदाची घडी घालत म्हणाला, "बाबा, घर विकलं तरी हमी पुढच्या मालकाला मिळते."

यात हो नव्हते आणि नाहीही नव्हते. मी पुढे विचारले नाही. मग थोड्या वेळाने तोच म्हणाला, "त्या तुळया माझ्यासाठी अडवून ठेवू नका. मला रोज वाटतं, तुम्ही त्या राखत बसलाय." एवढे बोलून तो आत गेला. दीड महिना आम्ही खांद्याला खांदा लावून काम केले होते. तसे झाले नसते तर तो हे फोनवरून कधी बोलला नसता, याची मला खात्री आहे.

गणपतीला सव्वीस माणसे आली. पंगत डेकवरच बसली. मी खाली जाऊन पाच मिनिटे कड्या बघत उभा राहिलो. काही हलले नाही. ऑक्टोबरअखेर आम्ही परतलो. त्या हिवाळ्यात, म्हणजे २०२२-२३ ला, मिनियापोलिसच्या नोंदींतल्या सर्वाधिक बर्फाच्या हिवाळ्यांपैकी एक झाला. डेकवर कमरेएवढा ढीग साठला. बर्फ काढताना प्लॅस्टिकचेच फावडे वापरायचे, आडवे न ओढता फळीच्या लांबीने ओढायचे आणि मीठ टाकले असेल तर वसंतात धुऊन काढायचे, हे मुलाने पाळले. एप्रिलमध्ये त्याने फोनवर चित्रफीत पाठवली. सहाही खांबांवर पाणसळ धरलेली आणि बुडबुडा मधोमध. शेवटी नातवाचा आवाज, "आजोबा, बघा, हललं नाही!"

त्या महिन्यात मी तुळया शेडमधून बाहेर काढल्या. टिळकवाडीला मुलगी घराचा माळा नव्याने बांधत होती, तिला चार दिल्या. उरलेल्या दोन अजून आहेत. त्यांचे काय करायचे ते मुलाला विचारले. तो म्हणाला, या डिसेंबरात येतो, मग दोघं मिळून बघू.